वॉशिंग मशीनमधलं पाणी जात नाहीये? पाईपच्या टोकापासून सुरुवात करा

कपडे टाकले, बटण दाबलं, आपापल्या कामाला लागलात, तासाभराने येऊन बघताय तर मशीन थांबलेलं, दार उघडत नाही, काचेतून डोकावलं तर राखाडी पाण्यात कपडे तसेच बुडालेले आणि स्क्रीनवर काहीतरी न कळणारी अक्षरं लुकलुकतायत. नवीन मशीन घेतलेल्या माणसाच्या पोटात गोळाच येतो, वाटतं झालं, गेलं मशीन, आता काही हजारांचा खड्डा. तर आधी शांत व्हा. पाणी बाहेर जात नाही याचा अर्थ मशीन बिघडलं असाच नसतो, बऱ्याचदा पाण्याच्या वाटेत कुठेतरी काहीतरी अडकलेलं असतं आणि ते काढायला स्क्रू ड्रायव्हरसुद्धा लागत नाही.

मी पुण्यात राहते, आमच्याकडे समोर दार असलेलं फ्रंट लोड आहे, नणंदेकडे वर झाकण असलेलं टॉप लोड आणि आईकडे साताऱ्याला अजूनही दोन टबचं सेमी ऑटोमॅटिक. तिन्ही मशीनचं पाणी कधी ना कधी तुंबलंय. पहिल्यांदा आमचं तुंबलं तेव्हा मेकॅनिक बोलावला, त्याने खालचं छोटं झाकण उघडलं, पाच रुपयाचं नाणं काढलं, झाकण लावलं, व्हिजिट चार्ज घेतला आणि गेला. मी शेजारी उभी राहून सगळं नीट बघितलं होतं, त्यामुळे पुढच्या वेळी स्वतःच केलं, आणि तेव्हापासून ओळखीतल्या कोणाचाही फोन आला की हेच सांगते जे इथे लिहितेय. पाणी टबमधून निघतं, फिल्टरमधून पंपाकडे जातं, तिथून पाईपात आणि पाईपातून भिंतीतल्या किंवा जमिनीतल्या लाईनमध्ये. ही वाट उलट्या बाजूने तपासत या. म्हणजे टोकाकडून आत. सगळे जण आधी मशीन उघडायला बघतात आणि चूक तिथेच होते, कारण टोकाकडचं तपासणं सोपं, फुकट आणि दोन मिनिटांचं काम असतं.

हात लावायच्या आधी

स्क्रीनवरची अक्षरं आधी लिहून घ्या, मग मशीन बंद करा, भिंतीवरचं बटण बंद करा आणि प्लग काढून ठेवा. नुसतं मशीनचं पॉवर बटण दाबून भागत नाही. जमिनीवर पाणी सांडलेलं असेल आणि प्लग त्या बाजूला असेल तर ओल्यात पाय न घालता आधी घरातल्या बोर्डावरचा एमसीबी पाडा, मग पुढचं सगळं. बरेच जण मशीनचा प्लग जमिनीवर पडलेल्या एक्स्टेन्शन बोर्डात लावतात, कृपा करून असं करू नका, या मशीनला भिंतीवरचं अर्थिंगवालं मोठं तीन पिनचं सॉकेटच पाहिजे.

गरम पाण्याचा प्रोग्राम लावला असेल, साठ-नव्वद डिग्रीचा, तर पाऊण-एक तास थांबा. आतलं पाणी दिसायला साधं दिसतं पण हात भाजतो. आणि फ्रंट लोडचं दार ओढाओढी करून उघडायला जाऊ नका, आत पाणी आहे म्हणूनच ते लॉक आहे, जोर लावलात तर लॉक तुटेल आणि दार उघडलंच तर बादलीभर पाणी अंगावर येईल.

खरंच तुंबलंय का

हे विचारायला विचित्र वाटतं पण विचारायला हवं. काही मशीनमध्ये शेवटच्या खंगाळण्यानंतर पाणी मुद्दाम धरून ठेवायचं सेटिंग असतं, कपड्यांना चुण्या पडू नयेत म्हणून, कुठे त्याला रिन्स होल्ड म्हणतात. ते चुकून दाबलं गेलं तर मशीन पाणी भरून गप्प बसतं आणि तुम्ही स्पिन किंवा ड्रेन दाबेपर्यंत हलत नाही. घरात लहान मूल असेल तर ही शक्यता आधी बघा.

दुसरं म्हणजे एकच जाड चादर, गोधडी किंवा पायपुसणं टाकलं की ते पाणी पिऊन एका बाजूला गोळा होतं, मशीनला तोल सांभाळता येत नाही, म्हणून ते स्पिन न करता परत पाणी घेतं, परत प्रयत्न करतं. बघणाऱ्याला वाटतं पाणी जात नाहीये, पण पाणी जातंय आणि परत येतंय. एलजीच्या मशीनवर अशा वेळी यूई दिसतं आणि खरोखर पाणी जात नसेल तर ओई. सॅमसंगवर पाणी न जाण्यासाठी ५सी किंवा ५ई येतं, तो ५ बऱ्याच जणांना एस वाटतो. बॉशवर ई१८. तुमचं दुसऱ्या कंपनीचं असेल तर मशीनसोबत आलेल्या पुस्तकात शेवटच्या पानांत कोडचा तक्ता असतो, पुस्तक हरवलं असेल तर मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या साईटवर ते मिळतं. कोड कागदावर लिहून ठेवा किंवा फोटो काढा, कारण प्लग काढला की तो जातो.

टॉप लोडचं झाकण नीट बसलेलं नसेल तरी ते स्पिनला जात नाही, तेही एकदा दाबून बघा.

पाईपचं टोक

आता खरं काम. मशीनच्या मागचा जाड, खाचाखाचांचा पाईप जिथे भिंतीतल्या तोंडात किंवा न्हाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे फरशीतल्या जाळीखालच्या सांडपाण्याच्या तोंडात, सोडलाय, तिथून तो बाहेर ओढा. जवळ बादली ठेवा आणि पाईपचं टोक बादलीत धरा. फ्रंट लोड असेल तर मशीन परत लावून फक्त स्पिन किंवा ड्रेन प्रोग्राम चालू करा, हात कोरडे ठेवून. पाणी बादलीत धबाधब पडायला लागलं तर तुमच्या मशीनला काहीही झालेलं नाही, घोटाळा बिल्डिंगच्या लाईनमध्ये आहे. बादली भरत आली की मशीन थांबवायला मात्र विसरू नका, पंप पाच-सात सेकंदात बरंच पाणी फेकतो, दोन माणसं असली तर बरं, एकाने पाईप धरायचा, एकाने बटणापाशी राहायचं.

पाईप बाहेर काढताना तो कुठे दुमडलाय का बघा. घरात झाडू-फरशी करताना मशीन मागे सरकतं, भिंतीला टेकतं आणि पाईप चेपतो, बाहेरून दिसतही नाही. मोबाईलचा टॉर्च मागे धरून फोटो काढला की लगेच कळतं. नणंदेकडे एकदा एवढंच होतं, रंगकामाच्या लोकांनी मशीन सरकवलं, परत ढकलताना पाईप मशीनच्या पायाखाली गेला, आणि ती चार दिवस पंप बदलायला किती लागतील याची चौकशी करत होती.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे फार दिसते, पाईप पुरत नाही म्हणून त्याला दुसरा जोडलेला असतो, तोही बागेचा पातळ, आणि जोडाला दोरी किंवा सेलोटेप. लांबी वाढली, आतलं तोंड बारीक झालं की पंपाला ते पाणी ठरलेल्या वेळात ढकलता येत नाही, मशीन वाट बघून थकतं आणि एरर देतं. पाईप वाढवायचाच तर त्याच जाडीचा घ्या, जोडाला धातूची क्लिप लावा आणि लांबी कमीत कमी ठेवा.

पाईपची उंची हा वेगळाच विषय आहे आणि इथेच नवीन लोक फसतात कारण फ्रंट लोड आणि टॉप लोड यांचा नियम उलटा आहे. फ्रंट लोडमध्ये पंप असतो, तो पाणी वर फेकतो, म्हणून त्याचा पाईप जमिनीपासून साधारण ६० ते १०० सेंटीमीटर उंचीवर सोडायचा असतो. फार वर नेला तर पंप दमतो, आणि फार खाली सोडला तर मशीन पाणी भरत असतानाच ते आपोआप निघून जायला लागतं. टॉप लोडच्या बऱ्याच मॉडेलमध्ये मात्र पंपच नसतो, पाणी उताराने जातं, त्यामुळे त्याचा पाईप जमिनीला लागूनच हवा. तो सिंकमध्ये टाकला, खिडकीतून बाहेर काढला किंवा बाथरूमच्या उंच उंबऱ्यावरून नेला तर पाणी त्या चढावर अडून बसतं. फ्लॅट बदलल्यावर, फ्रंट लोडसाठी भिंतीत उंचावर केलेल्या तोंडात टॉप लोडचा पाईप घालून देणारे लोक मी बघितलेत, पहिल्या दिवसापासून पाणी तुंबतं आणि मशीनला दोष दिला जातो.

भिंतीतल्या तोंडात पाईप कोंबून, वरून एमसील किंवा कापड लावून अगदी बंद करू नका. थोडी हवा जायला जागा लागते. पाईपसोबत प्लास्टिकचा वाकडा हुक येतो, तो वापरा, त्याने पाईप दुमडत नाही आणि सुटूनही येत नाही.

न्हाणी ट्रॅप

बादलीत पाणी नीट आलं असेल तर आता लाईन बघा. ड्राय बाल्कनीतल्या जाळीवर एक बादली पाणी ओता. सर्रकन गेलं तर ठीक, गोल गोल फिरत हळूहळू गेलं किंवा वर आलं तर ट्रॅप भरलाय. जाळी उचला, आत एक वाटीसारखा भाग असतो तो काढा, हातमोजा घाला आणि आतला गाळ उपसा. केस, कपड्यांचे तंतू, साबणाचा चिकट थर, कबुतरांची पिसं, कुंडीतली माती, हे सगळं एकत्र होऊन त्याचा गोळा बनतो. वाटी परत बसवायची मात्र आठवण ठेवा, ती नसेल तर गटाराचा वास आणि झुरळं थेट घरात.

ट्रॅप साफ आहे तरी पाणी वर येतंय, आणि विशेषतः तुम्ही मशीन लावलेलं नसताना वरच्या मजल्यावरच्यांनी लावलं की तुमच्या जाळीतून फेस येतो, असं असेल तर ती सोसायटीची उभी लाईन आहे, सेक्रेटरींना सांगून प्लंबर बोलवावा लागेल, घरात काही करून उपयोग नाही. तुंबलं की अॅसिडची बाटली ओतायची सवय अनेकांना असते. मला ती आवडत नाही, आणि ब्लीचिंग पावडर टाकलेल्या ठिकाणी तर अॅसिड अजिबात ओतू नका, दोन्ही मिळून क्लोरीन वायू तयार होतो आणि बंद बाल्कनीत किंवा बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो.

फ्रंट लोडचा फिल्टर

बादलीत पाणी आलंच नाही, किंवा मुतखड्याच्या माणसासारखं थेंबथेंब आलं, तर आता मशीनकडे वळा. फ्रंट लोडच्या समोर, खाली, बहुतेक उजव्या कोपऱ्यात एक चौकोनी झाकण असतं. नखाने किंवा नाण्याने उघडतं. काही मॉडेलमध्ये खालची अख्खी पट्टी निघते. आत फिल्टरचा गोल नॉब दिसेल आणि बहुतेक मशीनमध्ये त्याच्या शेजारी बोटाएवढी जाड नळी, तोंडाला बूच लावलेली.

इथे घाई केलीत तर घरभर पाणी होतं. आत दहा-पंधरा लिटर पाणी असू शकतं आणि फिल्टरचं तोंड जमिनीपासून इतकं खाली असतं की त्याच्याखाली तांब्यासुद्धा बसत नाही. मी केराची स्वच्छ सुपली वापरते, तिची पुढची कड सपाट असते म्हणून बरोबर खाली सरकते, ढोकळ्याची थाळी किंवा केकचा ट्रेही चालतो. आजूबाजूला जुने टॉवेल पसरा, जवळ रिकामी बादली ठेवा. प्लग काढलेला आहे ना, परत एकदा बघा.

आधी ती छोटी नळी बाहेर ओढा, बूच काढा, पाणी थाळीत येऊ द्या, थाळी भरत आली की बूच लावा, बादलीत ओता, परत. पंधरा-वीस वेळा करावं लागेल. कंटाळा येतो पण हीच पायरी सोडून लोक थेट फिल्टर फिरवतात आणि मग खालच्या मजल्यावरच्यांच्या छताला ओल येते. नळी नसेल तर फिल्टरच अर्धा वळसा डावीकडे फिरवा, कडेने पाणी झिरपायला लागेल, थाळी भरली की परत घट्ट करा. मागचा पाईप हुकातून काढून जमिनीवर, न्हाणी ट्रॅपपाशी आडवा ठेवला तरी काही मशीनमध्ये बरंचसं पाणी आपसूक निघून जातं, तेही करून बघण्यासारखं आहे.

पाणी संपलं की फिल्टर पूर्ण फिरवून बाहेर काढा. बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर क्षार बसून तो घट्ट झालेला असतो, तेव्हा पक्कड लावू नका, प्लास्टिकचा कान तुटला तर काम वाढलं, त्यापेक्षा जाड फडकं किंवा रबरी हातमोजा घालून हळूहळू मागेपुढे करत सोडवा.

गेल्या श्रावणात आमचा फिल्टर काढला तेव्हा त्याच्याभोवती ओल्या लोकरीसारखा राखाडी बोळा गुंडाळलेला होता, बोळा उलगडला तर त्यात गजऱ्याचा दोरा, दोन टिकल्या, शाळेच्या शर्टाचं पांढरं बटण आणि एक रुपयाचं नाणं. फिल्टर नळाखाली धुतला, जुन्या टूथब्रशने जाळी घासली, परत लावला, मशीन चालू केलं, पाणी नाहीच गेलं. मग परत सगळं काढून त्या भोकात टॉर्च मारला. आत पंपाचा छोटा पंखा दिसतो, चार पात्यांचा, आणि त्या पात्यांमध्ये आडवी बसली होती ब्राची तार, वीतभर लांब, एका टोकाचं प्लास्टिक निघून गेलेलं. ड्रमच्या भोकांतून ती सरळ खाली उतरते आणि पंख्यात जाऊन बसते. चिमट्याने ओढून काढली आणि पुढच्या मिनिटाला पाणी गेलं. म्हणून सांगते, फिल्टर धुवून थांबू नका, मागच्या भोकात बघाच. बोट आत घालायच्या आधी टॉर्चने बघा, सेफ्टी पिन किंवा काच असू शकते.

पंखा लाकडी चमच्याच्या दांड्याने हलवून बघा. तो गुळगुळीत गरगर फिरणार नाही, थोडा फिरेल, अडखळेल, मग टक्कन पुढे जाईल. हा बिघाड नाही, आत लोहचुंबक असतं म्हणून तो तसाच फिरतो. अजिबात हलत नसेल तर अजून काहीतरी अडकलंय, आणि भिंगरीसारखा मोकळा फिरत असेल किंवा लडबडत असेल तर पंखा तुटलाय.

फिल्टर लावताना तो सरळ आत घालून आटे नीट बसलेत याची खात्री करा, तिरका लागला तर गळतो. रबराच्या रिंगवर केस चिकटलेला असेल तरी गळतो. छोट्या नळीचं बूच लावलं का बघा. मग ड्रममध्ये दोनेक तांबे पाणी ओतून नुसतं स्पिन लावा आणि झाकण उघडं ठेवून खाली बघत राहा. कोरडं राहिलं तरच कपडे टाका. फिल्टर बाहेर ठेवून मशीन कधीच चालवायचं नाही.

आवाज ऐका

आता फिल्टर साफ, पाईप मोकळा, लाईन मोकळी, तरी पाणी जात नाही. स्पिन लावा आणि खाली कान लावा. घुंऽऽ असा एकसारखा आवाज येतोय पण पाणी हलत नाहीये, म्हणजे पंपाला वीज पोचतेय पण पंखा फिरत नाहीये किंवा टब आणि पंप यांच्या मधल्या रबरी नळीत बोळा आहे. लहान बाळाचा मोजा तिथे हमखास सापडतो. अजिबात आवाज नाही, अगदी शांत, म्हणजे पंप जळलाय, वायर सुटलीय, उंदराने कुरतडलीय किंवा मशीनच्या आतल्या सर्किट बोर्डातून वीजच येत नाहीये. आणि आवाज येतोय, पाणीही गेलंय, तरी मशीन म्हणतंय पाणी आहे, तर पाण्याची पातळी ओळखणारा सेन्सर किंवा त्याची बारीक हवेची नळी चोंदलीय. या तिन्हीसाठी मशीन उघडावं लागतं आणि ते घरी करू नका असंच मी म्हणेन, आतले काही भाग प्लग काढल्यावरही थोडा वेळ शॉक देऊ शकतात.

फेसाचंही एक आहे. हाताने धुवायची पावडर फ्रंट लोडमध्ये टाकली की इतका फेस होतो की पंप पाण्याऐवजी फेसच ओढत बसतो. काचेला वरपर्यंत फेस दिसत असेल तर तासभर तसंच ठेवा, फेस बसला की पावडर न टाकता रिन्स आणि स्पिन लावा.

टॉप लोड

पंप नसलेल्या टॉप लोडमध्ये टबच्या खाली एक रबरी झडप असते आणि एक छोटी मोटर तार ओढून ती उघडते. ड्रेनची वेळ झाली की खालून खट् किंवा बारीक घर्रर्र ऐकू येतं आणि लगेच पाणी वाहायला लागतं. आवाज आला पण पाणी नाही आलं तर झडपेत किंवा पाईपात काहीतरी अडकलंय, आवाजच नाही आला तर ती मोटर गेलीय. पाईपचं टोक जमिनीवर ठेवून, पूर्ण आडवा करून बघणं एवढंच घरी करण्यासारखं. मशीन आडवं पाडून खालून हात घालायचा सल्ला देणारे भेटतील, पण टब हलतो, दोन माणसांनाही पेलत नाही, मेकॅनिकलाच करू दे. मात्र खालची बाजू उघडी असेल तर उंदीर शिरू नये म्हणून जाळी जरूर बसवून घ्या. टबमध्ये तंतू गोळा करणारी जी छोटी पिशवी किंवा डबी असते ती दर आठवड्याला उलटी करून धुवा.

सेमी ऑटोमॅटिक

आईकडचं मशीन पंधरा वर्षं चाललंय कारण त्यात बिघडण्यासारखं फार काही नाही. पाणी सोडायचा नॉब ड्रेनवर फिरवला की आतून एक पट्टी किंवा दोरी रबरी झडपेला वर ओढते, बस. नॉब फिरवताना नेहमीसारखा ताण लागत नसेल, हाताला ढिला लागत असेल, तर ती पट्टी तुटलीय किंवा हुकातून निसटलीय, गावातला कुठलाही मेकॅनिक मागचं पत्र्याचं किंवा प्लास्टिकचं कव्हर काढून ती बदलतो. ताण लागतोय तरी पाणी जात नसेल तर झडपेखाली घाण बसलीय. या मशीनचा पाईप वापर नसताना बाजूच्या हुकाला टांगून ठेवतात, आणि तो खाली सोडायचा राहिला तर धुवायच्या टबातलं पाणी तर जात नाहीच, सुकवायच्या टबातही पाणी साठतं आणि तो टब फिरेनासा होतो. आई फोनवर सुकवायचा टब जाम झालाय म्हणाली की मी आधी पाईप विचारते.

मेकॅनिकला बोलावताना

फोनवर नुसतं मशीन बंद आहे असं सांगू नका. मॉडेल नंबर सांगा, तो दाराच्या आतल्या कडेवर किंवा मागे स्टिकरवर असतो. कोड काय आला, पंपाचा आवाज येतोय की नाही, फिल्टर आणि पाईप तपासलाय का, हे सांगितलंत तर तो लागणारा पार्ट सोबत घेऊन येतो आणि एक फेरी वाचते. पंप बदलायचा म्हणाला तर आधी काढलेला पंप बघायला मागा, पंखा हाताने फिरवून दाखवायला सांगा, जुना पार्ट परत घ्या, बिलावर पार्ट आणि मजुरी वेगळी लिहून घ्या. वॉरंटीत असेल तर कंपनीच्याच माणसाला बोलवा आणि एकही स्क्रू उघडू नका. फिल्टर साफ करणं मात्र वापरणाऱ्याचंच काम आहे, माहितीपुस्तकातच ते लिहिलेलं असतं.

आमच्याकडे आता महिन्याच्या पहिल्या रविवारी फिल्टर निघतो, दहा मिनिटांचं काम. खिसे तपासायचे, शाळेचे युनिफॉर्म तर दोनदा, त्यात शार्पनर, खोडरबर, चॉकलेटचे कागद काहीही निघतं. तारेच्या ब्रा, बाळाचे मोजे, रुमाल चेनवाल्या जाळीच्या पिशवीत घालून टाकायचे. परकराच्या नाड्या गाठ मारून. कोकणातून आलात तर वाळूचे कपडे आधी बादलीत खंगाळून घ्या, वाळू पंपाचा शत्रू आहे. टँकरच्या पाण्यासाठी महिन्या-दोन महिन्यातून क्षार काढायची पावडर टाकून रिकामं मशीन गरम पाण्यावर चालवायचं.

आणि तुंबलेल्या पाण्यात जे कपडे रात्रभर राहिले त्यांचं काय, हे सगळे विसरतात. पाणी गेलं की नुसतं स्पिन करून वाळत टाकू नका, वाळल्यावर कुबट वास येतो आणि पावसाळ्यात तर तो जातच नाही. रंग जाणारे कपडे आधी बाजूला काढा, बाकीचे नेहमीच्या निम्म्या पावडरीवर परत एकदा पूर्ण धुवा, एक जास्तीचं रिन्स द्या, लगेच बाहेर काढून झटकून, शक्य असेल तर उन्हात टाका.